बाभळीच्या टाचा

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, लिंबाजीच्या हमाल टोळीचा एक कायदा होता. पाठीवर पोतं असताना बसायचं नाही. पाय लटपटले तर लटपटू देत, गुडघे वाकले तर वाकू देत, पण बूड गुडघ्याच्या खाली गेलं की तो हमाल संपला. मुकादम म्हणून निकाल लिंबाजी द्यायचा. "बसला," एवढंच म्हणायचा. मग त्या गड्यानं कमरेचा लोखंडी हुक काढून मुकादमाच्या पायाशी ठेवायचा आणि फाटकाबाहेर चालू पडायचं. पोत्याखाली बसणारा गडी आज ना उद्या दुसऱ्याच्या अंगावर पोतं पाडतो, असं लिंबाजी सांगायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. वीस वर्षांत दोघांनी असे हुक ठेवले होते.

केरबाला या टोळीत लिंबाजीनंच आणलं. बाप वारला तेव्हा केरबा चौदा वर्षांचा होता. लिंबाजी सख्खा काका नव्हे, गल्लीतला. पण त्यानं हाताला धरून मोंढा दाखवला, पोतं पाठीवर कसं घ्यायचं ते शिकवलं, आपल्या डब्यातली अर्धी भाकरी दिली. आता केरबा चोविशीत होता आणि शंभर किलोचं पोतं फळीवरून एका दमात थप्पीच्या टोकाला नेणारा टोळीत तो एकटाच उरला होता. लिंबाजीचे गुडघे दोन वर्षांपूर्वीच गेले होते. मुकादमानंही आपल्या पाळीची खेप उचलायची, हासुद्धा कायदाच होता. पण लिंबाजीची पाळी आली की केरबा गुपचूप पुढं व्हायचा, पाठ वाकवायचा, आणि बाकीची टोळी दुसरीकडं बघायची. ज्यानं भाकरीला लावलं त्याच्या चार खेपा उचलल्या तर काय झिजलं, असं केरबाचं म्हणणं. भला माणूस होता. भल्या माणसांना एक वाईट खोड असते, ती सगळ्यांना आपल्याच मापानं मोजतात.

त्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं आणि त्याच वर्षी लातूर जिल्हा झाला. उदगीरकरांना दोन्हींचा सारखाच राग. पाऊस आला नाही, आणि आला तो जिल्हा लातूरला जाऊन बसला. मोंढ्यात ज्वारी यायची थांबली. अडतीच्या ओट्यांवर कुत्री ऐसपैस झोपू लागली आणि हमालांना विडी ओढण्यापलीकडं काम राहिलं नाही.

अशा रिकाम्या दिवसांत कॉलेजातले खेळाचे मास्तर विरूपाक्ष सर मोंढ्यात आले. त्यांनी केरबाला स्टेशनच्या मालधक्क्यावर पोतं नेताना पाहिलं होतं.

"जिल्ह्याचा पहिला पॉवरलिफ्टिंगचा संघ निवडणार आहेत," सर म्हणाले. "एका वजनगटातून एकच गडी. तो राज्याच्या स्पर्धेला जाईल. तुझ्यात ती ताकद आहे. फक्त बसायला शीक."

बसायला शीक म्हटल्यावर टोळी खो खो हसली. लिंबाजी मात्र हसला नाही.

सरांनी पुढं आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती केरबाच्या मनात रुतली. नव्या जिल्ह्यात नव्या कचेऱ्या उघडत होत्या, शिपाई भरत होते, आणि जिल्ह्याकडून खेळल्याचं प्रमाणपत्र हातात असलं तर साहेब लोक अर्ज बाजूला ठेवत नाहीत. केरबानं लिंबाजीकडं पाहिलं. जिना चढताना लिंबाजी भिंतीला धरून एकेक पायरी चढायचा. अजून दहा वर्षांनी आपले गुडघे हेच होणार, हे केरबाला रोज दिसत होतं. त्याला ते नको होतं. त्याला बाकी काही नको होतं, पण आपले गुडघे शाबूत हवे होते.

कॉलेजच्या खोलीत सरांनी त्याच्या खांद्यावर नुसता लोखंडी बार ठेवला आणि बैठक मारायला सांगितली. बोजा बघितला तर पोरखेळ, पण केरबा अर्ध्यात अडकला. छाती पुढं पडली, टाचा जमिनीवरून सुटल्या, आणि दहा वर्षांचा मोंढा अंगातून ओरडला, खाली जाऊ नको.

सर त्याच्या पायाशी बसले. घोटा हातात धरून त्यांनी वाकवून बघितला.

"फळ्या चढून चढून चवड्यावर चालायची सवय झालीय तुला. घोटा पुढं वाकतच नाही. मग खाली जायचं तर टाच उठते, टाच उठली की छाती पडते, आणि सगळा भार कमरेवर येतो."

त्यांनी कोपऱ्यातल्या दोन लाकडी पट्ट्या आणल्या आणि त्याच्या टाचांखाली सारल्या. पाय खांद्याइतके फाकवून, चवडे थोडे बाहेर. श्वास पोटात भरून कोंडायचा. गुडघे चवड्यांच्या दिशेनं उघडायचे आणि बूड दोन टाचांच्या मध्ये सरळ खाली सोडायचं. केरबानं तसं केलं, आणि विहिरीत बादली उतरावी तसा तो सरळ खाली गेला. छाती उभीच होती. त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

"बघ," सर म्हणाले. "आता स्पर्धेत पट्ट्या चालत नाहीत. चांभाराकडून बूट करून घे. टाच एक इंच उंच, कडक लाकडाची. कॅनव्हासचे बूट नकोत, स्पंज तर मुळीच नको. दीडशे किलो खांद्यावर घेऊन उशीवर उभं राहिल्यासारखं होतं. टाच दबता कामा नये."

केरबासोबत आलेला लिंबाजी दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. "बुटाचं माझ्याकडं लागलं," तो म्हणाला. "शिवप्पा आपल्या रोजच्या बसण्यातला हाय."

पुढच्याच आठवड्यात सरांना सरकारी हुकूम आला. दुष्काळाच्या कामांवर हजेऱ्या तपासायला मास्तर लोकांना गावोगाव पाठवत होते. सर निलंग्याकडं निघाले, दोन महिने परत यायचं नाव नाही. जाण्यापूर्वी त्यांनी बार आणि वजनाच्या चकत्या मोंढ्यातल्या एका रिकाम्या गोदामात आणून दिल्या आणि लिंबाजीला कडेला बसवून नीट शिकवलं.

"खांद्यावर बार असला की माणसाला आपलं बूड दिसत नाही, काका. त्याचे डोळे तुम्ही. बाजूला, गुडघ्याच्या उंचीला डोळा ठेवून बसायचं. मांडी जिथं पोटाला मिळते ती घडी बघायची. ती घडी गुडघ्याच्या वरच्या टोकाखाली गेली तर बैठक खरी. चार बोटं वर राहिली तरी पंच लाल झेंडी दाखवतात."

"वीस वर्सं हेच बघून राहिलो, सर," लिंबाजी म्हणाला. आणि ते खरंच होतं. कुणाचं बूड कुठवर गेलं हे लिंबाजीइतकं अख्ख्या उदगिरात कुणाला कळत नव्हतं.

बूट चार दिवसांनी आले. काळं चामडं, उंच टाच, वरून सगळं मढवलेलं, देखणे. केरबानं ते दोन्ही हातांत घेतले. आयुष्यात त्याच्यासाठी मापानं शिवलेली ही पहिलीच वस्तू होती.

"आत लाकूड हाय ना, काका?"

"तर काय. बाभळीचं."

गोदामात रोज सकाळी सराव सुरू झाला. लिंबाजी उलट्या टोपलीवर बसायचा, डोळे बारीक करून. केरबा खाली जायचा, आणि बैठक खरी झाल्याची खूण म्हणून लिंबाजीचा आवाज यायचा, "हाव. उठ." केरबा उठायचा. शंभर, एकशेवीस, एकशेचाळीस. वजन वाढलं तसे पाय आतल्या आत डुगडुगायला लागले, टाच कुठंतरी बुडतेय असं वाटायचं.

"काका, बूट हालून राहिलेत."

"नवं पायताण हाय. पायाला बसायला येळ लागतो."

"आन् खाली जातोय ना म्या?"

"लई खाली जातोस. हाव म्हनतो तवाच उठ, उगा जास्ती जाऊ नको. कंबर जाईल."

दीडशेची बैठक झाली त्या दिवशी सगळी टोळी गोदामात जमली होती. एकशेसाठची झाली तेव्हा लिंबाजीनं उठून त्याला कवटाळलं. केरबाला वाटलं, बाप असता तर असाच खूश झाला असता.

स्पर्धा लातूरला एका शाळेच्या पटांगणात होती. पिण्याच्या पाण्याचा टँकर एका बाजूला उभा, त्याच्याभोवती घागरींची रांग, आणि दुसऱ्या बाजूला फळ्यांचं व्यासपीठ. तीन पंच, प्रत्येकाजवळ एक पांढरी आणि एक लाल झेंडी. पहिलं वजन आपण सांगायचं, आणि एकदा सांगितलं की खाली घेता येत नाही. केरबानं दीडशे सांगितलं. लोकांत कुजबुज झाली. त्याच्या गटात निलंग्याचा एक गडी होता, त्यानं एकशेवीस सांगितलं होतं.

केरबा खाली गेला. लिंबाजीच्या "हाव"ची इतकी सवय झाली होती की तो आवाज कानातच वाजला, आणि तो उठला. हात वर केले. समोर तीन लाल झेंड्या.

दुसऱ्यांदा तो जरा आणखी खाली जायला गेला. टाचा भसकन आत बुडाल्या, तोल पुढं गेला, आणि घाबरून तो वर आला. तीन लाल. तिसऱ्यांदाही तीनच. स्पर्धेत तीन प्रकार, त्यातला बैठक पहिला, आणि पहिल्याच प्रकारात तिन्ही संधी गेल्या की गडी बाद. निलंग्याच्या गड्यानं एकशेवीस किलो घेऊन मांडी जमिनीला टेकवल्यासारखी बैठक मारली आणि संघात गेला.

सर निलंग्याहून धावतपळत आले होते. त्यांचं तोंड उतरलं होतं.

"केरबा, चार बोटं वर राहिलास. तिन्ही वेळा. एकशेतीसला खोल बसला असतास तरी जिंकला असतास. लिंबाजी काय बघत होता?"

"काकांना काय म्हनू नका, सर," केरबा म्हणाला. "म्या खाली गेलो व्हतो. लातूरवाल्यांनी कापलं आमाला."

समोर लिंबाजी खाली मान घालून बसला होता आणि खरोखर रडत होता. गळ्यातल्या रुमालानं डोळे पुसत होता, पण पाणी थांबत नव्हतं. केरबानंच त्याला उठवलं, हाताला धरून एस.टी.त बसवलं. स्वतःचं दुःख बाजूला ठेवून तो अख्ख्या रस्त्यात म्हाताऱ्याची समजूत काढत होता.

उदगिरात बातमी आधीच पोचली होती आणि मोंढ्यानं निकाल लावून टाकला होता. जिल्हा त्यांचा, पंच त्यांचे, झेंड्या त्यांच्या. उदगीरच्या माणसाला ते वर येऊ देतील काय? हे सगळ्यांना इतकं पटलं की कुणाला दुसरं काही सुचलंच नाही. केरबालाही पटलं. लातूरवर राग धरणं सोपं होतं, तिथं त्याचं कुणी नव्हतं.

आठ दिवसांनी एका बुटाची टाच कडेनं उकलली. टाकून द्यायला जीव होईना, म्हणून केरबा बूट घेऊन बस स्टँडजवळ शिवप्पा चांभाराकडं गेला. त्याला वाटलं, लाकूड तडकलं असेल, खिळा मारून मिळेल.

शिवप्पानं आरीनं चामडं सोलून बाजूला केलं आणि बोटानं आतलं दाबून दाखवलं. निळा स्पंज होता, चपलेला लावतात तसला.

"लाकूड कुठाय?" केरबानं विचारलं.

शिवप्पानं त्याच्याकडं चमकून पाहिलं. "यप्पा. तुला म्हाईत न्हाई? तुझ्या काकानंच बूट परत आनले व्हते, नेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, तुला द्यायच्या आदी. म्हनला, लाकडाच्या टाचा काढ, स्पंज घाल, वरून दिसू नको देऊ. म्या म्हनलं, आरं, हे दबतं. तर म्हनला, सरांनीच सांगितलंय. आन् पोराला बोलू नको म्हनला, त्याचं मन नाराज व्हतं."

त्यानं लाकडी पेटीत हात घालून चाचपलं आणि दोन टाचा काढून केरबाच्या तळहातावर ठेवल्या. बाभळीच्या, तासून गुळगुळीत केलेल्या, जड. एकेक इंच उंच. खिळ्यांची भोकंसुद्धा तशीच होती.

"चांगल्या झाल्या व्हत्या," शिवप्पा म्हणाला. "फेकायचं मन न्हाई झालं."

केरबा तिथंच धुळीत बसला. लातूर, पंच, झेंड्या, सगळं डोक्यातून निघून गेलं आणि फक्त उलट्या टोपलीवर बसलेला लिंबाजी उरला, डोळे बारीक करून, "हाव, उठ" म्हणणारा. कुंपणानंच शेत खाल्लं होतं. आणि खाताना आवाजसुद्धा केला नव्हता.

"त्या परत बसवून द्या," तो शेवटी म्हणाला.

बूट घेऊन तो सरळ गोदामात गेला. धान्य मोजायची एक पायली उपडी करून त्यानं आपल्या मागं ठेवली. उंची गुडघ्याच्या खाली, बूड टेकलं तर बैठक खरी समजायची. बारला शंभर किलो लावले. तो खाली गेला. टाचा दगडासारख्या उभ्या राहिल्या. लिंबाजी रोज जिथं "हाव" म्हणायचा ती जागा आली आणि अंग सवयीनं थांबलं. पायली अजून खाली होती. तो आणखी उतरला, एक बोट, दोन बोटं, तीन, चार. मग कुठं पायलीचा तळ बुडाला लागला. तो सहज उठला. त्यानं दहा वेळा तसंच केलं. प्रत्येक वेळी ती चार बोटं तिथंच होती, आणि दोन महिने रोज लिंबाजीनं ती बघितली होती. त्या एकशेसाठच्या दिवशीही बघितली होती, आणि बघून मिठी मारली होती. त्याचं लातुरातलं रडणं खरं होतं, हेही केरबाला ठाऊक होतं. त्या रडण्याचं काय करायचं हे मात्र त्याला कळेना, आणि त्याचाच त्याला सगळ्यांत जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालधक्क्यावर दुष्काळी कामांचा गहू आला. मालगाडीच्या वाघिणी उघडल्या होत्या. कितीतरी दिवसांनी काम आलं म्हणून टोळी खुशीत होती. केरबा बूट घालून आला तेव्हा एकदोघांनी चिडवलं, "काय रं, साहेब झालास जनू." लिंबाजीची नजर बुटांवर गेली, टाचांवर थांबली, आणि तिथून हलली नाही.

खेपा सुरू झाल्या. केरबाची पाळी आली. पोतं लावणाऱ्या दोघांनी शंभर किलोचं पोतं उचलून त्याच्या पाठीवर दिलं. तो फळीकडं गेला नाही. मागं वळला आणि लिंबाजीच्या समोर दोन हातांच्या अंतरावर येऊन उभा राहिला. पाय खांद्याइतके फाकवले, चवडे थोडे बाहेर काढले, पोटात श्वास भरला. आणि सगळ्या टोळीदेखत तो खाली बसला.

बाभळीच्या टाचा फरशीवर घट्ट होत्या. छाती उभी होती. बूड गुडघ्याच्या पार खाली गेलं होतं. विडी ओढणाऱ्यांचे हात तिथंच थांबले.

"काका," तो खालूनच म्हणाला. "घडी बघा. कुठं हाय?"

"उठ, लेकरा," लिंबाजी हळू आवाजात म्हणाला. "येड्यासारखं करू नको."

"दोन म्हैने बघितलीत. आज बी सांगा."

लिंबाजीनं आजूबाजूला पाहिलं. पंधरा माणसं त्याच्याकडं बघत होती. कायदा त्याचाच होता, वीस वर्षांचा. केरबाच्या मांड्या थरथरू लागल्या होत्या, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, पण तो हलला नाही. लिंबाजीची नजर मांडीच्या घडीवर गेली.

"बसला," तो म्हणाला.

केरबा उठला. पोत्यासकट, सरळ, एका दमात. फळी चढून त्यानं पोतं थप्पीच्या टोकाला नीट लावलं, कारण अर्ध्यात टाकायची त्याला सवय नव्हती. मग खाली येऊन कमरेचा हुक काढला आणि लिंबाजीच्या पायाशी ठेवला.

"कामून केलं, काका? येवढंच सांगा."

लिंबाजी हुकाकडं बघत होता.

"तू लातूरला गेला असतास," तो म्हणाला. "मंग माझी खेप कुनी उचलली असती? चार दिवसांत मलाच हुक ठिवावा लागला असता. ह्या वयात म्या कुठं जाऊ, केरबा?"

"मला म्हनला असता," केरबा म्हणाला, "तर म्या गेलो नसतो."

हे त्यानं रागानं म्हटलं नाही. ते खरं होतं, आणि लिंबाजीलाही ते खरं असल्याचं कळलं. म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उतरला.

केरबा वळला आणि मालधक्क्याच्या फाटकाकडं चालू लागला. कुणी अडवलं नाही. मागं पोतं लावणाऱ्या दोघांनी वाघिणीतून पुढचं पोतं ओढून कडांना धरलं होतं आणि ते धरूनच उभे होते. पुढची पाळी लिंबाजीची होती. या वेळी दुसरीकडं कुणी बघत नव्हतं.